सार्वजनिक ठिकाणी धर्माविषयी बोलताना : सांगली-मिरजेतील आयोजकांसाठी मार्गदर्शन

सांगली जिल्ह्यात वर्षभर कोठे ना कोठे धर्माचा उच्चार उघड्यावर होत असतो. गावोगावचे हरिनाम सप्ताह, मिरजेच्या दर्ग्याचा उरूस, कडेगावच्या ताबुतांच्या भेटी, गणेशोत्सवातील मिरवणुका, ईद-ए-मिलादचा जुलूस, जैन मुनींची चातुर्मासातील प्रवचने, ख्रिस्ती प्रार्थनासभा आणि बौद्ध धम्म परिषदा या सर्वांना रस्ता, चौक किंवा मैदान लागते. त्याच चौकात बुवाबाजीविरुद्ध व्याख्यान देऊ इच्छिणाऱ्या कार्यकर्त्यालाही उभे राहण्यास जागा लागते. कायद्याच्या दृष्टीने हे सर्व जण एकाच रांगेत उभे आहेत, ही गोष्ट आयोजकांनी आणि परवानगी देणाऱ्यांनीही प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. पुढील मार्गदर्शन अशा कोणत्याही कार्यक्रमाच्या आयोजकासाठी आहे, मग तो कोणत्या धर्माचा आहे किंवा कोणताच धर्म मानत नाही, याने फरक पडत नाही.

संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) नुसार प्रत्येक नागरिकाला भाषण व अभिव्यक्तीचे, तर १९(१)(ख) नुसार शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य आहे. अनुच्छेद २५ मध्ये सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क सर्व व्यक्तींना दिलेला आहे. हे हक्क अमर्याद नाहीत. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहूनच धर्माचा हक्क बजावता येतो, आणि भाषणस्वातंत्र्यावर अनुच्छेद १९(२) मध्ये नमूद केलेल्या कारणांसाठीच वाजवी निर्बंध घालता येतात. प्रसाराच्या हक्कालाही सीमा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस प्रकरणात स्पष्ट केले की आपल्या धर्माची तत्त्वे सांगून इतरांपर्यंत पोहोचविणे हा हक्क आहे, परंतु दुसऱ्याचे धर्मांतर करणे हा हक्क नाही, कारण तसे मानल्यास त्या दुसऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यालाच बाधा येते. म्हणून सभेत आपले म्हणणे मांडावे, ऐकणाऱ्याला निर्णयासाठी मोकळे ठेवावे, आणि आमिष, भीती किंवा रोगमुक्तीची हमी यांपैकी कशाचाही आधार घेऊ नये.

रस्त्याविषयी आपल्याकडे दोन टोकाचे गैरसमज आढळतात. रस्ता सरकारचा असल्यामुळे तेथे बोलण्याचा हक्कच नाही, असे काहींना वाटते. पूर्वापार मिरवणूक निघते म्हणून कोणालाही विचारण्याची गरज नाही, असे इतरांना वाटते. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. धार्मिक मिरवणूक आपल्या रीतिरिवाजांसह सार्वजनिक रस्त्यावरून नेण्याचा हक्क ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९२४ मध्येच मान्य केला होता, परंतु प्रशासनाचे कायदेशीर आदेश आणि इतरांचा रस्ता वापरण्याचा हक्क यांच्या अधीन राहून. पुढे १९७२ मध्ये हिंमतलाल शहा विरुद्ध पोलीस आयुक्त, अहमदाबाद या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच्या मुंबई पोलीस अधिनियमाखालील एक नियम रद्द केला. रस्त्यावरील सभेला परवानगी देण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार त्या नियमाने कोणतीही कसोटी न सांगता अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडला होता. सभेचे नियमन करता येते, पण रस्त्यावरील सभा सरसकट बंद करता येत नाहीत, असा त्या निकालाचा आशय आहे. आपल्या जिल्ह्यात आजही पोलीस ज्या महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या आधारे अटी घालतात, तो हाच अधिनियम आहे. त्यामुळे हा निकाल प्रत्येक मंडळाच्या फाइलमध्ये असावा, असे मला मनापासून वाटते. दुसरीकडे, २०२० मध्ये शाहीनबाग प्रकरणात न्यायालयाने सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून ठेवता येणार नाही, असेही सांगितले आहे.

जागा आणि अर्ज

सर्वप्रथम जागा कोणाच्या ताब्यात आहे ते निश्चित करावे. महापालिकेचे मैदान, उद्यान किंवा रस्ता असेल तर सांगली, मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिकेची परवानगी लागते, तर गावात ग्रामपंचायतीची आणि तालुक्याच्या शहरात नगरपरिषदेची किंवा नगरपंचायतीची. शाळेचे पटांगण असेल तर संस्थेची लेखी संमती घ्यावी. एस.टी. स्टँड, रेल्वे स्थानक किंवा रुग्णालयाचे आवार या जागा लोकांच्या येण्याजाण्याच्या असल्या तरी त्या ठरावीक कामासाठी राखलेल्या असतात. तेथे सभा घेण्याचा हक्क मागण्याऐवजी जवळचे मैदान निवडणे शहाणपणाचे ठरते.

अर्ज कार्यक्रमाच्या पुरेसा आधी, शक्यतो दोन-तीन आठवडे अगोदर द्यावा. सणासुदीच्या दिवसांत तर त्याहूनही आधी द्यावा, कारण त्या काळात पोलीस ठाण्यांत अर्जांची रीघ लागलेली असते. ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत कार्यक्रम आहे तेथेच अर्ज द्यावा. मिरवणूक एकाहून अधिक हद्दींतून जाणार असेल तर प्रत्येक ठाण्यात प्रत द्यावी. मिरज शहर आणि महात्मा गांधी चौक या दोन ठाण्यांच्या बाबतीत ही गोष्ट अनेकदा राहून जाते आणि ऐनवेळी धावपळ होते. अर्जात कार्यक्रमाचे स्वरूप, तारीख, सुरू होण्याची व संपण्याची वेळ, अपेक्षित उपस्थिती, वक्त्यांची नावे, ध्वनिक्षेपकांची संख्या, स्वयंसेवकांची संख्या आणि दोन जबाबदार व्यक्तींचे दूरध्वनी क्रमांक द्यावेत. मिरवणूक असल्यास मार्गाचा हाताने काढलेला नकाशा जोडावा, आणि त्यात मार्गावरील प्रार्थनास्थळे, रुग्णालये व अरुंद वळणे आपणच दाखवावीत. ज्या आयोजकाने अडचणी स्वतःहून मांडल्या आहेत, त्याच्याशी अधिकारी वेगळ्या विश्वासाने बोलतात.

अर्जाची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नये. पोचेवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही असली पाहिजे. "साहेबांशी बोलणे झाले आहे" या तोंडी आश्वासनाला पुढे कोणत्याही न्यायालयात किंमत नसते. मंडपासाठी महापालिकेची परवानगी, वाहतूक शाखेचे ना हरकत पत्र, अग्निशमन विभागाचा दाखला आणि महावितरणची तात्पुरती वीजजोडणी ही कागदपत्रे वेगळी गोळा करावी लागतात. वर्गणी गोळा करणार असाल आणि मंडळ नोंदणीकृत न्यास नसेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-क अन्वये धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी. फलक आणि कमानींसाठी महापालिकेची स्वतंत्र परवानगी लागते. दुसऱ्याच्या भिंतीवर विनापरवाना लिहिणे किंवा पत्रके चिकटविणे १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक अधिनियमाखाली गुन्हा ठरू शकते.

कमानीवर आणि फलकावर काय चित्रित करायचे, याचा विचार मिरजेत विशेष काळजीने करावा लागतो. सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवाच्या काळात एका स्वागत कमानीवरील चित्रावरून सुरू झालेला वाद दंगलीपर्यंत गेला आणि त्याची झळ सांगली, कोल्हापूर या शहरांनाही बसली. इतिहासातील प्रसंग रंगवण्याचे स्वातंत्र्य आहेच. तरीही परवानगीच्या अर्जासोबत फलकाचा नमुना जोडून त्याची पोच घेतली, तर पुढे कोणी आक्षेप घेतल्यास मजकूर आधीच प्रशासनासमोर ठेवला होता, हे आयोजकाला सिद्ध करता येते.

परवानगीपत्रातील अटी नीट वाचाव्यात. वेळ, जागा, मार्ग, आवाज आणि गर्दीचे नियंत्रण याविषयीच्या अटी घालण्याचा अधिकार पोलिसांना आहे. प्रक्षोभक बोलू नये, ही अटही कायद्याचीच आठवण करून देणारी आहे. परंतु प्रवचनाचा किंवा व्याख्यानाचा मसुदा आधी मंजूर करून घ्यावा, असे बंधन कायद्यात नाही. नाट्यप्रयोगांची गोष्ट निराळी आहे, कारण त्यांच्या संहितेसाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यामुळे कार्यक्रमात नाटक किंवा पथनाट्य असल्यास त्याची चौकशी आधीच करावी.

जमावबंदीचा आदेश लागू आहे का, हेही पाहावे. सणांच्या आणि आंदोलनांच्या काळात जिल्हा दंडाधिकारी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) व ३७(३) खाली आदेश काढतात. कलम ३७(३) खालील बंदी राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपेक्षा अधिक काळ चालू ठेवता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालील आदेश, म्हणजे पूर्वीचे कलम १४४, साधारणपणे दोन महिन्यांपर्यंत टिकतो. आदेशाची प्रत मिळवून त्यात कोणत्या कार्यक्रमांना सूट आहे ते स्वतः वाचावे, कारण अनेकदा परवानगीप्राप्त धार्मिक कार्यक्रम, लग्न आणि अंत्ययात्रा वगळलेल्या असतात, आणि केवळ ऐकीव माहितीवर कार्यक्रम रद्द केले जातात. २०२० मध्ये अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि कायदेशीर मतप्रदर्शन दडपण्यासाठी त्यांचा वापर होता कामा नये, असे बजावले आहे.

आवाज

जिल्ह्यात धार्मिक कार्यक्रमांविषयीच्या सर्वाधिक तक्रारी विचारांबद्दल नसतात, आवाजाबद्दल असतात. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी आवश्यक आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि हेच बंधन वाद्यांनाही लागू आहे, त्यामुळे डॉल्बीऐवजी ढोल-ताशा किंवा बेंजो आणला म्हणून रात्रीची मुभा मिळत नाही. राज्य शासन सांस्कृतिक व धार्मिक सणांसाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते. आपला कार्यक्रम त्या जाहीर दिवसांत बसतो का, हे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या यादीत पाहावे.

निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, व्यापारी भागासाठी ६५ आणि ५५, तर शांतता क्षेत्रासाठी ५० आणि ४० आहे. ध्वनिक्षेपक लावलेल्या सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र ठरवता येते. मिरज हे रुग्णालयांचे गाव आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ कर्नाटकापासून कोकणापर्यंतचे रुग्ण येथे उपचारांसाठी येत आहेत, आणि शहराच्या मध्यभागातून निघालेली जवळजवळ कोणतीही मिरवणूक एखाद्या रुग्णालयाजवळून जातेच. तेथे वाद्ये थांबवून पुढे जाण्याचा निर्णय आयोजकांनी स्वतःच लेखी कळवावा आणि तो पाळावा. शस्त्रक्रियेनंतर पडून असलेल्या माणसाला आपल्या भक्तीचा त्रास होऊ नये, एवढी जाण कोणत्याही धर्माच्या माणसाला असायला हवी.

ध्वनिक्षेपक हा धर्माचा भाग आहे का, या प्रश्नाचे उत्तर न्यायालयांनी पुरेसे स्पष्ट दिले आहे. चर्च ऑफ गॉड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये सांगितले की इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करावी, असे कोणताही धर्म सांगत नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही जानेवारी २०२५ मध्ये ध्वनिक्षेपकाचा वापर धर्माचा अत्यावश्यक भाग नसल्याचे म्हटले आहे. ही भूमिका मंदिर, मशीद, चर्च, विहार आणि राजकीय सभा या सर्वांना सारखीच लागू होते. एका बाजूच्या भोंग्याविरुद्ध तक्रार करणाऱ्याने आपल्या मंडळाचा आवाज आधी मोजून घ्यावा. आवाजाची तक्रार ११२ क्रमांकावर करता येते.

काय बोलावे आणि कोठे थांबावे

धर्मावर टीका करणे हा गुन्हा नाही. रूढीला अन्याय्य म्हणणे, ग्रंथातील एखादे मत नाकारणे, पुजारी, मौलवी किंवा पाद्री यांच्या वर्तनाची चिकित्सा करणे, हे सर्व भाषणस्वातंत्र्यात बसते. सातारा आणि सांगली या भूमीला त्याची सवयही आहे. सत्यशोधक जलसे येथील गावोगावी झाले, गाडगे महाराजांनी कीर्तनातूनच अंधश्रद्धेवर कोरडे ओढले, आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यातून अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम उभे केले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यानंतर आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात कीर्तन, भजन, प्रवचन, वारी, यात्रा आणि प्रदक्षिणा यांना स्पष्टपणे संरक्षण दिलेले आहे. हा कायदा वारकऱ्यांविरुद्ध आहे असे सांगणाऱ्याला त्याचे कलम १२ वाचून दाखवावे.

भारतीय न्याय संहितेचे कलम २९९ हे पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतील कलम २९५-अ चे स्थान घेते. एखाद्या वर्गाच्या धार्मिक भावना दुखावण्याच्या बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूने त्याच्या धर्माचा अपमान करणे, हा या कलमाखालील गुन्हा आहे, आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये रामजीलाल मोदी प्रकरणात हे कलम वैध ठरविताना, निष्काळजीपणाने किंवा हेतूविना झालेला अपमान त्यात येत नाही, असे सांगितले. कलम १९६ धर्म, जात, भाषा अशा कारणांवरून गटांमध्ये शत्रुत्व वाढविण्याविषयी आहे. त्याची शिक्षाही तीन वर्षांपर्यंत आहे, मात्र तेच कृत्य प्रार्थनास्थळात किंवा धार्मिक विधीसाठी जमलेल्या सभेत केले तर ती पाच वर्षांपर्यंत जाते. म्हणजे कीर्तनाच्या, खुत्ब्याच्या किंवा प्रार्थनेच्या व्यासपीठावरून बोलणाऱ्याची जबाबदारी चौकात बोलणाऱ्यापेक्षा अधिक आहे, आणि हे बाहेरगावच्या वक्त्याला आमंत्रणपत्रातच लिहून कळवावे. कलम ३०० नुसार कायदेशीरपणे चाललेल्या धार्मिक सभेत जाणूनबुजून व्यत्यय आणणे हाही गुन्हा आहे.

व्यवहारात वक्त्याने एक पथ्य पाळावे. टीका मतावर, प्रथेवर किंवा कृत्यावर करावी, जन्माने त्या समाजात असलेल्या माणसांवर करू नये. "ही प्रथा बंद झाली पाहिजे" आणि "या लोकांना गावातून हाकलले पाहिजे" या दोन वाक्यांत कायद्याने आखलेली रेषा आहे. २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात चर्चा, समर्थन आणि चिथावणी यांत फरक केला आहे, आणि बंधन फक्त चिथावणीपासून सुरू होते. कोणाच्या दुकानातून खरेदी करू नका, कोणाला घर देऊ नका, अशी आवाहने व्यासपीठावरून झाली तर आयोजकाने तेथेच माईक घेऊन ती थांबवावीत. २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना निर्देश दिले आहेत की द्वेषपूर्ण भाषणाबाबत तक्रार येण्याची वाट न पाहता, वक्त्याचा धर्म न पाहता, पोलिसांनी गुन्हा नोंदवावा.

संपूर्ण कार्यक्रमाचे अखंड चित्रीकरण करावे. अर्ध्या मिनिटाची तुटक चित्रफीत मोबाइलवरून फिरू लागली, तर मागचे-पुढचे बोलणे दाखविण्याचा तोच एक मार्ग उरतो.

विरोध झाला किंवा परवानगी नाकारली तर

एखादा गट कार्यक्रम उधळण्याची धमकी देत असेल, तर ती धमकी लेखी स्वरूपात पोलिसांना कळवून बंदोबस्ताची मागणी करावी. धमकी आली एवढ्या कारणावरून अभिव्यक्ती दडपता येत नाही आणि तिचे रक्षण करणे हे शासनाचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये एस. रंगराजन प्रकरणात म्हटले आहे. स्वयंसेवकांनी मात्र घोषणेला घोषणेने उत्तर देऊ नये. विरोधकांनाही शांततेने निषेध करण्याचा हक्क आहे, त्यामुळे त्यांना वेगळी जागा देण्याची विनंती आयोजकांनीच करावी. मार्गावरील दुसऱ्या समाजाच्या प्रमुखांना आधी भेटून वेळ ठरविणे कागदोपत्री बंधनकारक नाही, तरी ते जरूर करावे. कडेगावात मोहरमच्या ताबुतांना हिंदू कुटुंबांचे खांदे लागतात आणि मिरजेच्या दर्ग्यात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्मृतीत होणाऱ्या संगीतसभेत सर्व धर्मांचे कलावंत हजेरी लावतात. अशा नात्यांच्या आधाराने अनेक वाद पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच मिटले आहेत.

परवानगी नाकारल्यास कारणांसह लेखी आदेश मागावा. तोंडी नकार मिळाला तर त्याच दिवशी "आपण तोंडी कळविल्याप्रमाणे" अशी सुरुवात करून पत्र द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. नंतर उपविभागीय पोलीस अधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांच्याकडे दाद मागावी, आणि सोबत पर्यायी तारीख, वेळ किंवा मैदान सुचवावे. ज्याने पर्याय सुचवला आहे त्याला सरसकट नकार देणे प्रशासनाला अवघड जाते.

भाषणाबद्दल गुन्हा दाखल झाला तर घाबरून मजकूर नष्ट करू नये. तीन वर्षांपासून सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) नुसार, पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. मार्च २०२५ मध्ये इम्रान प्रतापगढी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने भाषणाशी संबंधित तक्रारींत हा मार्ग वापरणे योग्य ठरेल असे सांगितले, आणि शब्दांचा परिणाम दुबळ्या, सतत असुरक्षित वाटणाऱ्या मनाच्या मापाने न मोजता विवेकी व खंबीर माणसाच्या मापाने मोजावा, हे तत्त्व पुन्हा मांडले. न्याय संहितेच्या कलम १९६ किंवा २९९ खालील गुन्ह्याची दखल न्यायालयाने घेण्यापूर्वी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१७ नुसार शासनाची मंजुरी लागते. ती घेतली आहे का, हे वकिलाकडून तपासून घ्यावे.

उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागली, तर आता मुंबईपर्यंत जाण्याची गरज नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथे मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे आणि सांगली व सातारा हे दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. याचिकेसोबत मूळ अर्ज, पोच, मार्गाचा नकाशा, नकाराचा आदेश किंवा त्याबद्दल दिलेले पत्र, पर्याय सुचविल्याचा पुरावा आणि मागील वर्षांच्या परवानग्यांच्या प्रती तारखेनुसार लावून न्याव्यात. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी गेल्यास दुसऱ्या बाजूला उत्तर देण्यास वेळच राहत नाही, म्हणून नकार मिळाल्यानंतर एक-दोन दिवसांतच वकिलाची भेट घ्यावी.